कवच जाड आहे, म्हणजे दोष तुमचा आहे का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई वरुड तालुक्यातल्या एका गावच्या. वय ३३, लग्नाला नऊ वर्षं झाली. नागपूरच्या एका केंद्रात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू आहेत. पहिल्यांदा तीन दिवसांचे दोन भ्रूण सोडले, दुसऱ्यांदा पाच दिवसांचा एक गोठवलेला. दोन्ही वेळा गर्भ राहिला नाही. पाच दिवसांचे आणखी तीन भ्रूण गोठवून ठेवलेले आहेत. आता डॉक्टर म्हणतात, ‘तुमच्या अंड्याचं कवच जाड आहे, त्यातून भ्रूण बाहेर पडत नाही. या वेळी लेझरनं छिद्र पाडू,’ त्याचे २५,००० रुपये वेगळे. यजमान चार एकरांतली अर्धी संत्र्याची बाग विकायला निघालेत, म्हणजे हेही होईल आणि गरज पडली तर पुन्हा पहिल्यापासून करता येईल. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर म्हणतात, ‘खडकावर पेरलं तं काय उगवन बापा?’ गावातल्या एका गाईत भ्रूण प्रत्यारोपण झालं, कालवड झाली, तिच्या वेळी कुणी छिद्र पाडलं नाही, मग मलाच का, असंही ताई विचारतात. लेझर करून घ्यावं का, आणि नाही म्हटलं आणि पुन्हा अपयश आलं तर स्वतःला काय सांगू, हा त्यांचा प्रश्न.

ताई,

तुमच्या पत्रात एक ओळ लिहून खोडलेली आहे आणि तिच्याखाली तीच पुन्हा लिहिलेली आहे: ‘मीच त्याला आत कोंडून मारलं असेल का?’ मी आधी तिचंच उत्तर देते. नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. भ्रूणाची वाढ कशी होते ते पाहिलं तर दुसरं उत्तर निघतच नाही.

मी डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली, आणि त्यातही भ्रूणविज्ञान हा माझा जिव्हाळ्याचा विषय. उपचार कोणता घ्यायचा ते तुम्ही दोघं आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवाल. पण ज्या समजुतीवर तुम्ही बाग विकायला निघाला आहात, ती समजूत आधी नीट तपासू.

समजूत अशी दिसते, की कवच म्हणजे एक अडथळा, तो तुमच्या शरीरानं उभा केला, आणि तो फोडला की मूल होणार. यातला एकेक भाग वेगळा करून पाहावा लागेल.

स्त्रीबीज मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं असतं. त्याच्याभोवती एक पारदर्शक आवरण असतं, त्याला शास्त्रात झोना पेल्युसिडा म्हणतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले साधारण पंधरा-वीस भाग, एवढीच त्याची जाडी. साखर जोडलेल्या प्रथिनांच्या धाग्यांचं ते जाळं आहे. माणसात ही प्रथिनं चार प्रकारची असतात, गाईत तीन. अंडाशयात वाढत असतानाच बीज ती तयार करतं आणि स्वतःभोवती रचत जातं.

दुसऱ्या ट्रान्स्फरच्या, म्हणजे भ्रूण पिशवीत सोडण्याच्या, वेळी केंद्रानं दिलेला भ्रूणाचा फोटो तुम्ही मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे, असं लिहिलंत. तो उघडा. करड्या पार्श्वभूमीवर एक गोल दिसेल. त्याच्या कडेनं जे उजळ, स्वच्छ कडं आहे, तेच हे कवच. आत कडेला लागून चपट्या पेशींचा एक थर आहे, त्यातून पुढे वार तयार होते. एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका असेल, त्यातून बाळ घडतं. मधली मोकळी जागा पाण्यानं भरलेली आहे. आता कडं किती रुंद दिसतं ते बघा. भ्रूण चांगला फुगलेला असेल तर ते ताणून पातळ झालेलं दिसेल. तसं दिसत असेल, तर ‘जाड कवच’ कोणत्या दिवशी, कोणत्या भ्रूणाचं मोजलं, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. पहिल्या वेळच्या तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणांचं मोजमाप या तीन भ्रूणांना जसंच्या तसं लागू होत नाही.

या कवचानं तोवर काय काय केलेलं असतं ते ऐका. निसर्गतः गर्भ राहतो तेव्हा शुक्राणूला आधी या कवचाला चिकटावं लागतं आणि ते भेदून आत जावं लागतं. एक शुक्राणू बीजात शिरला, की बीजाच्या काठावरच्या बारीक पुटिका फुटतात, त्यातून ओव्हास्टॅसिन नावाचं विकर (एन्झाइम) बाहेर पडतं आणि कवचातलं एक प्रथिन कापून टाकतं. मग दुसरा शुक्राणू तिथे चिकटू शकत नाही. दोन शुक्राणू आत गेले तर गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच होतात, आणि असा गर्भ टिकत नाही. तुमच्या बाबतीत शुक्राणू सुईनं बीजात सोडला असेल, म्हणजे इक्सी केलं असेल, तर कवच भेदण्याचा प्रश्न तिथेच संपला. तुमच्या फाइलमध्ये तसं लिहिलेलं असेल, बघून घ्या.

पुढचे तीन-चार दिवस तर मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. भ्रूण एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ पेशी असा विभागत जातो, पण आकारानं वाढत नाही. सुरुवातीला या पेशी एकमेकींना घट्ट धरून नसतात. त्यांना एकत्र ठेवतं ते कवच. आठ-सोळा पेशींच्या सुमारास त्या एकमेकींना चिकटून एकजीव होतात, तोवर हा आधार लागतो. शिवाय भ्रूण तेव्हा गर्भनलिकेतून पिशवीकडे येत असतो, आणि कवच असल्यामुळे तो वाटेत नळीच्या भिंतीला चिकटत नाही. १९७० मध्ये ब्रॉन्सन आणि ॲन मॅक्लारेन यांनी उंदरांवर नेमका हाच प्रश्न घेऊन काम केलं होतं: कवचासह आणि कवचाविना, असे दोन्ही प्रकारचे भ्रूण त्यांनी मादीच्या नळीत सोडून पाहिले. अगदी कोवळे भ्रूण कवचाविना तिथे तग धरत नाहीत. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, पोलंडचे टारकोव्हस्की यांनी उंदरांच्या दोन भ्रूणांची कवचं काढून ते शेजारी ठेवले, तर ते मिळून एकच भ्रूण झाला आणि त्याचं एकच पिल्लू जन्मलं. प्रत्येक भ्रूण आपापला राहतो, तोही या कवचामुळेच.

आणि ज्यांच्या बीजांना हे कवच तयारच होत नाही, अशा स्त्रियाही आहेत. कवचातल्या एका प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्या एका कुटुंबाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बहिणींना मूल होत नव्हतं, कारण त्यांच्या बीजांभोवती कवचच नव्हतं. तुमचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोहोचले, एक-दोन नाही तर चार, याचा अर्थ तुमच्या बीजांनी कवच नीट बांधलं आणि त्या कवचानं आपलं काम चोख केलं. हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

राहिला बाहेर पडण्याचा प्रश्न. पाचव्या दिवसापासून भ्रूणात पाणी भरत जातं, तो फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, कवच ताणलं जाऊन पातळ होतं. कवच विरघळवणारी विकरंही त्यात मदत करतात. सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण त्यातून बाहेर येतो आणि पिशवीच्या अस्तरात रुजायला लागतो. हे काम भ्रूण स्वतः करतो. त्याच्यात ताकद असेल तर तो बाहेर पडतो. तुम्ही उठलात, बसलात, एसटीनं नागपूरहून घरी आलात, त्या रात्री रडलात, यातल्या कशाचाही त्या कवचाशी संबंध नाही.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते, कारण माझ्या मते तुमचं दुखणं लेझरपेक्षा तिथे जास्त आहे. बी पुरुषाचं, जमीन बाईची, आणि उगवलं नाही तर जमीन खडक. आपल्याकडे ही समजूत फार जुनी आहे, आणि ती झाली त्या काळात सस्तन प्राण्याचं बीज कुणी पाहिलेलंच नव्हतं. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी ते कुत्रीच्या अंडाशयात पहिल्यांदा ओळखलं १८२७ मध्ये. त्यानंतर जे कळत गेलं ते असं: गुणसूत्रं निम्मी आईची, निम्मी वडिलांची. पण पहिल्या काही दिवसांची शिदोरी, पेशींना ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका, आणि हे कवच, हे सगळं बीजाचं. बाई जमीन नाही, ताई. मूल घडवणाऱ्या दोघांपैकी ती एक आहे, आणि सुरुवातीला तर तिचाच वाटा मोठा. तेव्हा अपयशाची चौकशीही दोघांची व्हायला हवी. तुम्ही लिहिता, यजमानांची तपासणी सुरुवातीला एकदा झाली, ‘ठीक आहे’ म्हणाले, पुढे काही नाही. ती पुन्हा व्हावी, आणि ती करून घ्यायला तुम्ही संकोचू नका.

लेझरच्या कल्पनेवर मी अन्याय करणार नाही, ती उगीच निघालेली नाही. १९९० च्या सुमारास भ्रूणतज्ज्ञ जाक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की प्रयोगशाळेत वाढवलेले काही भ्रूण कवचातून बाहेर पडताना अडतात, आणि कवचाला आधीच छिद्र पाडलं तर ते जास्त रुजतात. बाहेरच्या द्रवात राहून किंवा गोठवल्यामुळे कवच कडक होत असावं, असा तर्क होता. तर्क पटण्यासारखाच आहे, म्हणून जगभर हे सुरू झालं; आधी आम्लानं, मग लेझरनं. पण पुढे मोठ्या संख्येनं जोडपी घेऊन तुलना झाली तेव्हा ती आशा टिकली नाही. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हे करू नये असं म्हटलं, कारण त्यानं गर्भधारणेचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यातही, यानं घरी बाळ येण्याची शक्यता वाढते असं खात्रीनं म्हणता आलं नाही. एकाहून जास्त बाळं राहण्याची शक्यता मात्र वाढू शकते असं दिसलं. अमेरिकेतल्या प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेनंही २०२२ मध्ये ते सरसकट वापरू नये असाच सल्ला दिला.

जुळ्यांचं ऐकून तुम्हाला आनंद होईल कदाचित, नऊ वर्षं वाट पाहिल्यावर दोन आली तर बरंच, असं घरात म्हटलंही जाईल. पण अरुंद छिद्रातून भ्रूणाचा अर्धा भाग बाहेर आणि अर्धा आत अडकला, की त्याचेच दोन तुकडे होऊ शकतात, आणि एकाच वारेवर वाढणाऱ्या अशा जुळ्यांची गर्भारपणं जोखमीची असतात. दिवस भरायच्या आधी प्रसूती, कमी वजनाची बाळं, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ. तुमच्या गावापासून नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागापर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

लेझर काही ठिकाणी लागतोच, हेही सांगायला हवं. भ्रूणाच्या पेशी काढून गुणसूत्रं तपासायची असतील तर कवच उघडल्याशिवाय पेशी मिळत नाहीत. वारंवार अपयश आलेल्या काही जोडप्यांत डॉक्टर विचारपूर्वक ते सुचवतातही. तुमचे डॉक्टर फसवत आहेत, असं माझं अजिबात म्हणणं नाही. दोनदा अपयश आलेल्या जोडप्यासमोर ‘आणखी काहीतरी करून पाहू’ असं त्यांनाही वाटतं, आणि तुम्हालाही तेच ऐकायचं असतं.

गाईबद्दलचा तुमचा प्रश्न मला फार आवडला, त्याचं सरळ उत्तर देते. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय गोकुळ मिशन या सरकारी योजनेमुळे भ्रूण प्रत्यारोपण आता आपल्या गोठ्यांपर्यंत आलं आहे. गाईचा सात दिवसांचा भ्रूण दुसऱ्या गाईच्या पिशवीत सोडतात तेव्हा तो कवचातच असतो. उलट जनावरांचे भ्रूण परदेशात पाठवायचे तर कवच अखंड असणं ही अट असते, आणि त्या कवचासकट ते पुन्हा पुन्हा, दहा-दहा वेळा धुतात, कारण कवच शाबूत असेल तर बहुतेक रोगजंतू आतल्या पेशींपर्यंत पोहोचत नाहीत. मग तो भ्रूण दुसऱ्या गाईच्या पिशवीत, नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास, आपला आपण बाहेर पडतो. तुमच्या गावातली कालवड अशीच झाली. माणसाचा भ्रूण गाईचा नव्हे, हे खरं. पण छिद्र पाडल्याशिवाय तो बाहेरच येत नाही, ही भीती तुम्ही मनातून काढून टाका.

मग दोनदा का राहिला नाही? भ्रूण न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांतली गडबड हे असतं. दिसायला सुंदर भ्रूणातही ती असू शकते, आणि ती कुणाच्या वागण्यानं होत नाही. शिवाय पिशवीत मांसाची गाठ किंवा पडदा आहे का, थायरॉइड ठीक आहे का, आणि आपल्या भागात विसरू नये असं एक, पिशवीचा क्षय नाही ना, हे पाहिलं गेलं आहे का? तुमच्या पत्रात दुर्बिणीच्या तपासणीचा उल्लेख नाही. २५,००० रुपये खर्चायचेच असतील तर मी आधी या तपासण्या विचारीन. दुसरं मत घ्या. सेवाग्रामला, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहेत, तिथे फाइल घेऊन जाता येईल. ज्या डॉक्टरांना दुसऱ्या मताचा राग येतो त्यांच्याकडून उपचार घ्यावेत का, याचाही विचार करा.

बाग विकू नका. निदान आत्ता नाही. तुमच्याकडे पाच दिवसांचे तीन भ्रूण आहेत, ते सोडायला पूर्ण चक्राएवढा खर्च येत नाही; इंजेक्शनं आणि बीजं काढणं तुम्ही आधीच सोसलं आहे. एका वेळी एकच सोडायला सांगा. गोठवलेला भ्रूण म्हातारा होत नाही, कायद्यानं तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. तेव्हा आंबिया बहाराचा सौदा होईपर्यंत थांबलात तर काही बिघडणार नाही. थोडं शरीर सावरेल, हातात पैसे येतील, तपासण्याही होतील. आणि बसून, दोघांनीच, आधी ठरवा: या तिघांनंतर काय? पुन्हा पूर्ण चक्र की नाही? विकलेली दोन एकरं परत येत नाहीत, आणि कर्जबाजारी घरात आलेलं मूलही त्याच शेतावर जगायचं असतं. हे प्रश्न ट्रान्स्फरनंतरच्या त्या चौदा दिवसांत सोडवायचे नसतात, तेव्हा कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

‘नाही म्हटलं आणि पुन्हा गेलं तर’ असं तुम्ही विचारता. हो म्हटलं आणि तरी गेलं, तर? छिद्र पाडूनही न राहण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग तुम्ही त्यासाठीही स्वतःलाच दोष द्याल: लेझर करूनही माझ्याकडून झालं नाही म्हणून. चांगल्या माहितीवर घेतलेला निर्णय वाईट निकालामुळे चुकीचा ठरत नाही. तुम्ही लेझर करून घ्यायचं ठरवलंत तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त भीतीपोटी, आणि सासूबाईंना उत्तर द्यायला म्हणून करू नका.

सासूबाईंशी बोलायचं काम यजमानांचं आहे. त्यांनी आईला एवढंच सांगावं, की दोष कुणाचा हे अजून डॉक्टरांनाही माहीत नाही, आणि चारचौघांत हा विषय निघणार नाही. बाग विकायची तयारी असलेला माणूस आईसमोर एवढं एक वाक्य नक्की बोलू शकतो.

आणि ज्या इतर बहिणी हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी. २०२१ पासून आपल्याकडे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आहे. केंद्राची नोंदणी झालेली असली पाहिजे, तुमची लेखी संमती घेतली पाहिजे, उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगितली पाहिजे, आणि केंद्रात तक्रार निवारणाची सोयही असली पाहिजे. म्हणून कुठलीही ‘जास्तीची’ गोष्ट सुचवली, की तीन गोष्टी विचारा: माझ्याच बाबतीत हे का, याशिवाय केलं तर काय, आणि तुमच्या केंद्रात यामुळे किती जणींना प्रत्यक्ष मूल झालं. ‘पॉझिटिव्ह किती आले’ हे विचारू नका, मूल किती जणींच्या हातात आलं ते विचारा. भ्रूणतज्ज्ञ हे पडद्यामागचे असतात, पण भ्रूण रोज पाहणारे तेच. त्यांच्याशी पाच मिनिटं बोलायची वेळ मागा. प्रत्येक भ्रूणाची नोंद, फोटो आणि मोजमापं यांची झेरॉक्स मागून घ्या आणि घरी एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. डॉक्टर बदलायची वेळ आली तर तीच कागदपत्रं पुढच्या डॉक्टरांना लागतात.